वाजणारी गाळणी

चहा गाळून झाला की गाळणीतल्या चोथ्याकडे क्षणभर टक लावून बघणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. टाकायच्या आधी बघायचा. आपण म्हणावं, अरे, चोथ्यात काय बघतोस? तर म्हणायचा, "चोथा कुठला नि माल कुठला, हे आधी ठरवावं लागतं. एकदा टाकलं की टाकलं." एवढं तत्त्वज्ञान ऐकेपर्यंत चहा गार होऊन जायचा.

नाव होतं त्याला. पगाराच्या दिवशी कुणीतरी ते वाचूनही दाखवायचं. पण आमच्या संशोधन संस्थेत त्याला सगळे वस्त्रगाळ म्हणत. तरणी पोरं वस्त्रगाळकाका म्हणत, एवढाच काय तो मान. मी त्याच इमारतीत तळमजल्यावर भांडार सांभाळायचो. सुईपासून शेगडीपर्यंत सगळं माझ्या खिडकीतून वर जायचं आणि वरच्या सगळ्या बातम्या माझ्या खिडकीतून खाली यायच्या. त्यामुळे ही गोष्ट मला जितकी ठाऊक आहे तितकी ती वस्त्रगाळलाही नसेल. निदान तो कबूल तरी करणार नाही.

त्याचं काम काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढची मजा कळणार नाही. आपल्या पोटात मूत्रपिंड असतं, ते रक्त गाळतं. ते गाळण्याचं काम करतात त्यातले बारीक बारीक गोळे. रेतीच्या कणाएवढे, केसासारख्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्यांचे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंना हे गोळे हवे असत. नुसते गोळे, बाकी काही नको. आता मूत्रपिंडातून गोळे वेगळे कसे काढणार? चिमट्याने वेचायला बसलं तर माणूस तिथेच निवृत्त होईल. म्हणून कसायाकडून मेंढीचं मूत्रपिंड यायचं, वस्त्रगाळ त्याची वरची साल पात्याने कापून बारीक करायचा, जाळीवर घासून त्याचा लगदा करायचा आणि गार मिठाच्या पाण्यात घालून दोन गाळण्यांतून गाळायचा.

पहिल्या गाळणीची भोकं गोळ्यांपेक्षा किंचित मोठी. गोळे खाली जातात, भरड वर राहते. दुसरीची भोकं गोळ्यांपेक्षा लहान. आता गोळे वर राहतात आणि बारीक चुरा खाली वाहून जातो. म्हणजे पहिल्या गाळणीत वरचं टाकायचं नि दुसरीत वरचं ठेवायचं. नवीन आलेला प्रत्येक विद्यार्थी एकदा तरी दुसऱ्या गाळणीवरचं टाकून खालचं जपून ठेवायचा. अशा वेळी वस्त्रगाळ त्याला रागवायचा नाही. नुसता मोरीकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "गेला तुझा महिना." त्याला चहाचा चोथा बघायची सवय का लागली, हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

या गाळण्या तो स्वतः बनवायचा. पोलादाच्या दोन रिंगा, एकीत एक बसणाऱ्या. मधे बारीक विणीचं नायलॉनचं कापड घालायचं, ताणायचं आणि बाहेरच्या रिंगेचा स्क्रू आवळायचा. बस. पण त्या ताणण्यात म्हणे त्याची तीस वर्षं होती. कापडाचे चौकोनी तुकडे मी भांडारातून द्यायचो, तो ते उजेडात धरून असा बघायचा, जसं काही मुलगी द्यायची आहे. गाळणी तयार झाली की बोटाने टिचकी मारायची. "टप्प" असा आवाज आला की खूश.

आता माणूस चांगला असला की त्याचं वाटोळं करायला शत्रू लागत नाही, कौतुक पुरतं. वर्षभरापूर्वी बाहेरचे पाहुणे आले होते, चार जण. आमचे साहेब, म्हणजे विभागप्रमुख, त्यांना प्रयोगशाळा दाखवत होते. वस्त्रगाळच्या टेबलापाशी आले आणि साहेबांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "आमच्याकडच्या गाळण्या बघा. वाजतात!" आणि टिचकी मारली. पाहुण्यांनी मान डोलावली. त्यातल्या एका बाईंनी पुन्हा वाजवून पाहिली आणि हसल्या.

झालं. गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला तो उतरेचना. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या खिडकीशी येऊन त्याने मला गाळणी वाजवून दाखवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग त्याला "टप्प" पुरेना. "टण्ण" पाहिजे. त्यासाठी त्याने माझ्याकडून एक चपटा चिमटा नेला. काय करायचा, तर चौकोनी कापडाचे चार कोपरे रिंगेबाहेर लोंबतात ना, ते चिमट्यात धरून एकेक करून खेचायचा. ओठ दाबून, डोळे मिटून. "टण्ण" आलं की डोळे उघडायचा.

असे चार-पाच महिने गेले आणि वर कुरबुर सुरू झाली. डॉक्टरबाईंचे गोळे कमी यायला लागले. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबात चाळीसेक गोळे दिसायचे, आता वीसही नाहीत. जे यायचे त्यांच्यातही तुटक्या दोऱ्यांसारखा कचरा. बाईंनी मीठपाणी बदललं. पाती बदलली. लगदा करणारा विद्यार्थी बदलला. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपलाच हात वाईट. वस्त्रगाळने मात्र खापर फोडायला थेट कसायाचं दुकान गाठलं. "हल्ली मेंढ्याच पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत," असं तो मला फार गंभीरपणे सांगून गेला. कसाई मला नंतर भेटला. म्हणाला, "भांडारवाले, तुमचा तो माणूस माझ्या मेंढीला काय खायला घालायचं ते सांगून गेला."

मूत्रपिंड पाहिलं, पाणी पाहिलं, पातं पाहिलं, माणूस पाहिला. गाळणी कुणी पाहिली नाही. कशी पाहणार? ती तर वाजत होती.

मग एके दिवशी माझ्या भांडारात एक खोका आला. आत निळ्या प्लास्टिकच्या इवल्याशा वाट्या, तळाला जाळी, प्रत्येक वाटी वेगळ्या बंद पाकिटात. तयार गाळण्या. एकदा वापरायच्या नि टाकायच्या. खोका घेऊन मी वर गेलो तेव्हा साहेब वस्त्रगाळपाशीच उभे होते.

"हे बघा," साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यात शुक्रवारी आपण दोन्ही करून पाहू. एकाच मूत्रपिंडाचा लगदा, अर्धा तुमच्या गाळण्यांतून, अर्धा यांतून. मोजू. तयार गाळणी पुढे गेली तर मग यापुढे तीच. तुम्हाला धुण्याच्या खोलीत घेऊ. बसून काम आहे. तुमच्या गुडघ्यांना बरं."

माणसाला खाली ढकलताना गुडघ्यांची काळजी करणारे साहेब मी बरेच पाहिले आहेत. साहेब गेल्यावर त्याने एक निळी वाटी पाकिटातून काढली आणि टिचकी मारली. "टुक" असा आवाज आला.

"ऐकलंस?" तो मला म्हणाला. "मुकी आहे."

"कानामागून आली नि तिखट झाली," मी म्हणालो.

"तिखट कसली! टुक म्हणते टुक." पण हसला नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बत्तीस वर्षं गाळण्या करून शेवटची दोन बाटल्या धुण्यात घालवायची, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

त्या रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. गेलो होतो अस्तर बदलायला दिलेला माझा कोट घ्यायला. वस्त्रगाळची बायको शिवणकाम करते. संस्थेतले पांढरे कोट तीच दुरुस्त करते, उसवलेले खिसे, तुटलेली बटणं. खिडकीपाशी शिलाई मशीन, शेजारी काजं बघायचं भिंग, दिव्यासकट. आम्ही तिला वहिनी म्हणतो. बोलायला गोड, पण सुईही गोडच असते, टोक सोडलं तर.

वस्त्रगाळ जेवणाच्या टेबलावर पाच गाळण्या मांडून बसला होता आणि एकेक वाजवत होता. टण्ण. टण्ण. टण्ण.

"भावजी, बसा," वहिनी म्हणाल्या. "कार्यक्रम सुरू आहे. मधे टाळ्या वाजवू नका."

"शुक्रवारी काय आहे ठाऊक आहे ना तुला?" वस्त्रगाळ म्हणाला.

"ठाऊक आहे. आठवडाभर तेच ऐकते आहे. आणि तुमचे ते गोळे तर तीस वर्षं ऐकते आहे. अजून एक डोळ्यांनी पाहिलेला नाही." माझ्या कोटाचा दोरा दाताने तोडून त्यांनी हात पुढे केला. "द्या बरं एक इकडे."

"हात नको लावूस. हे काही शिवणकाम नाही."

"नाही लावत. बघते." आणि लावलाच हात. गाळणी खिडकीच्या उजेडात धरली, मग भिंगाखाली सरकवली. आणि गप्प. वहिनी गप्प झाल्या की मी सावध होतो. मशीनसुद्धा त्या गप्प बसून चालवत नाहीत.

"अहो," शेवटी त्या म्हणाल्या, "याची भोकं चौकोनी असतात ना?"

"अर्थात चौकोनी. उभा धागा, आडवा धागा."

"मग हे पतंग का झाले आहेत?"

"कसले पतंग?"

"बघा की. चौकोन तिरपा दाबल्यासारखा. एक कोपरा लांब, एक आखूड." त्यांनी लोंबणारा कोपरा बोटाने हलवला. त्यावर चिमट्याचे दात उमटलेले होते. "कोपऱ्यांत धरून ओढता?"

वस्त्रगाळने माझ्याकडे पाहिलं. मी अस्तराकडे पाहिलं. चिमटा मीच दिला होता.

"त्याशिवाय आवाज येत नाही," तो म्हणाला.

"भरतकामाच्या रिंगेत कापड बसवताना लहान मुलीलाही सांगतात, कोपऱ्यात ओढू नको, कापड तिरकं जातं. धाग्याच्या अंगानं ओढायचं, बाजूच्या मधोमध. इथं एकदा, मग समोर. मग इथं, मग त्याच्या समोर. कोपऱ्यात ओढलं की चौकोन दबतो नि भोक अरुंद होतं. तुमचा गोळा पतंगातून कसा जाईल? अडकणार बिचारा वरच."

आता बघा, त्या घटकेला सगळा हिशोब माझ्यासारख्या भांडारवाल्यालाही लागला. पहिल्या गाळणीत अडकलेले गोळे भरड म्हणून मोरीत जात होते. दुसरीची भोकं अरुंद झाल्यामुळे खाली जायचा चुरा वरच राहत होता. गोळे कमी, कचरा जास्त. मेंढ्या निर्दोष सुटल्या. मला लागला तो हिशोब वस्त्रगाळलाही लागला होता, कारण त्याचे कान लाल झाले होते. पण तोंडाने काय म्हणाला?

"प्रयोगशाळेतली गोष्ट वेगळी असते."

"असेल बाई," वहिनी म्हणाल्या आणि मशीनकडे वळल्या. "गाळणी वाजवायची असते की गाळायची, हे तुम्हा शास्त्रज्ञांनाच ठाऊक."

कोट तिथेच सोडून मी निघालो. नवरा-बायकोच्या मधे सुई पडली की पाहुण्याने चप्पल शोधावी.

पुढचं मला वहिनींनीच सांगितलं, कोट देताना, हसू दाबत. सोमवार गेला, मंगळवार गेला, हा बाबा गप्प. बुधवारी संध्याकाळी कामावरून आला, हातपाय धुतले, टेबलापाशी बसला आणि छताकडे बघत म्हणाला, "समजा, एखाद्याला एखादी गाळणी परत ताणून बघायची असली, तर..."

"कुणाला?"

"असतो एखादा."

"ओळखीचा आहे?"

"तसा आहे."

"त्याच्या बायकोला विचार म्हणावं."

"तिला विचारलं तर ती जन्मभर ऐकवेल, असं त्याचं म्हणणं."

"जन्म आता राहिलाय किती? विचार म्हणावं."

वहिनी म्हणतात, त्यांनी मुद्दाम मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला, दोरा आधीच ओवलेला असताना. शेवटी वस्त्रगाळने स्क्रू सैल केला, रिंग पुढे सरकवली आणि म्हणाला, "दाखव."

"दाखवणार नाही. तुम्ही करा, मी बघते. हात तुमचेच लागणार आहेत तिथं."

आणि बत्तीस वर्षांचा उस्ताद बायकोसमोर शिकाऊ होऊन बसला. चिमटा वहिनींनी काढून पेटीत टाकला. उभा धागा कुठून जातो, आडवा कुठून, ते चुकू नये म्हणून कापडाच्या चारही बाजूंना, रिंगेबाहेर, लाल दोऱ्याची एकेक गाठ मारून दिली. "या गाठींत धरा. कोपऱ्याला हात लावलात तर चहा बंद." दोन गाळण्या झाल्या. भिंगाखाली धरल्या, चौकोन स्वच्छ चौकोन. त्याने सवयीने टिचकी मारली. "थप्प." ओल्या पिशवीसारखा आवाज.

"वाजत नाही गं," तो इतक्या केविलवाण्या सुरात म्हणाला, की वहिनींनाही एक क्षण वाईट वाटलं. एकच क्षण. त्यांनीच सांगितलं.

शुक्रवारी मी वर गेलोच. भांडारातून कापूस द्यायचा होता. कापूस कुणी मागितला नव्हता, पण प्रयोगशाळेत कापूस कधीही लागू शकतो. साहेब हात मागे बांधून उभे. लगदा एका भांड्यात कालवून दोन सारखे भाग केले. तयार गाळण्यांवर विद्यार्थी, आपल्या गाळण्यांवर वस्त्रगाळ.

त्याच्या पेटीत पाच गाळण्या होत्या. तीन वाजणाऱ्या, दोन मुक्या. साहेब म्हणाले, "वाजवून घ्या एकदा, काका. नेहमीसारखं." चेष्टेत म्हणाले, पण वस्त्रगाळचा हात हवेत थांबला. त्या वाजणाऱ्या तीन गाळण्यांकडे त्याने असं पाहिलं, की मला वाटलं, हा आता घोटाळा करतो. मग त्याने लाल गाठींच्या दोन उचलल्या.

"वाजवत नाही, साहेब," तो म्हणाला. "गाळणी वाजवायची नसते. गाळायची असते."

विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, जसं काही मोठं वचन ऐकलं. मी खोकलो. हे वचन रविवारी कुणी जन्माला घातलं, ते मला ठाऊक होतं.

निळ्या वाट्या लगेच तुंबल्या. विद्यार्थी एक फेकतोय, दुसरं पाकीट फोडतोय, सहा गेल्या. वस्त्रगाळ एकेका गाळणीवर हळूहळू मीठपाणी सोडत होता. पहिलीवर उरलेली भरड त्याने टाकायच्या आधी नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिली. मग दुसरी उलटी करून गोळे बशीत धुऊन घेतले. दोन्ही बशा बाईंसमोर गेल्या. कुठली कुणाची ते बशीच्या बुडाखाली लिहिलेलं. बाईंनी डोळा लावला आणि हातातलं मोजणीयंत्र टकटकू लागलं.

"पहिली बशी, एक्केचाळीस. स्वच्छ."

टकटक, टकटक.

"दुसरी, अडतीस. स्वच्छ. अगदी स्वच्छ."

बशा उलट्या केल्या. एक्केचाळीस निळ्या वाटीचे. अडतीस वस्त्रगाळचे.

मग वस्त्रगाळ म्हणाला, "ते तीन आपलेच. गर्दीत तिकडे गेले असतील." बाई आधी हसल्या, मग साहेब.

"तिनाने काय होतं," बाई म्हणाल्या. "सहा वाट्या तुंबल्या, साहेब. मला मोठा लगदा गाळायचा असेल तेव्हा या गाळण्याच हव्यात. विद्यार्थ्यांना शिकायला वाट्या राहू देत."

साहेबांनी मान हलवली. धुण्याच्या खोलीचं नाव पुन्हा निघालं नाही. गुडघ्यांचंही नाही. पण साहेब ते साहेबच. "मग इतके दिवस काय बिघडलं होतं?"

"ताण चुकत होता," वस्त्रगाळ म्हणाला.

"लक्षात कसं आलं?"

"आलं."

"कुणाच्या?"

वस्त्रगाळने गाळणी पुसायला घेतली. ती आधीच कोरडी होती. बाईंनी त्याच्या हातातून ती अलगद घेतली, फिरवली, आणि लाल गाठीवर बोट ठेवलं. मग स्वतःच्या पांढऱ्या कोटाची बाही उलटी केली. आतल्या शिवणीत, दुरुस्त केलेल्या जागी, तीच लाल गाठ, तशीच दोन वेढ्यांची.

"काका," त्या म्हणाल्या, "माझ्या कोटाचा नि तुमच्या गाळणीचा शिंपी एकच दिसतो."

असा पकडला गेलेला माणूस मी फार दिवसांनी पाहिला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, चुगली मी केली असं समजून. मी कापूस दाखवला. मग तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "घरून शिकून आलो, साहेब. बायकोनं दाखवलं. भिंगाखाली तिनंच पाहिलं. आपण कुणी पाहिलं नाही." आणि थोडं थांबून, कारण आता झाकून काही उपयोग नव्हता, "ते गाळायचं वाक्यही तिचंच."

पुढच्या आठवड्यात वहिनी दुरुस्त कोटांचा गठ्ठा घेऊन आल्या, तर बाईंनी त्यांना थेट वर नेलं. मीही गेलो. कापूस होताच. तीस वर्षं ज्यांच्याबद्दल ऐकलं ते गोळे बघायला वहिनी सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. वस्त्रगाळ शेजारी उभा, नव्या नवरदेवासारखा अवघडलेला. "अगं, टेबलाला धक्का नको लावूस. स्क्रूला हात नको."

"लोकरीचे गुंडे आहेत," वहिनी बघत बघत म्हणाल्या. "कुणीतरी नीट गुंडाळून ठेवलेले. छान आहेत हो."

वस्त्रगाळचा चेहरा असा फुलला, जसे ते गोळे त्यानेच गुंडाळले होते. वहिनी अजून बघतच होत्या. त्याच्या बाजूला टेबलावर नवी ताणलेली गाळणी होती, लाल गाठींची. हात आपसूक तिच्याकडे गेला. बोट वाकलं, टिचकी आता बसणार, इतक्यात डोळा न हलवता वहिनी म्हणाल्या,

"वाजवू नका."